सीडीसी७ : चाकाखालचा दगड काढणारं प्रथिन

समजा, पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, "एक जनुक बिघडलं की पेशी डीएनएची प्रत काढायला सुरुवातच करत नाही. मग त्या जनुकाचं प्रथिन नेमकं काय काम करतं?" बहुतेक जण चटकन सांगतात, "डीएनएची प्रत काढायचं." थोडं थांबा. हे उत्तर द्यायला तुमच्याकडे पुरावा काय आहे?

जुन्नर स्टँडवर एसटी उभी आहे, समोर घाट आहे आणि गाडी निघत नाही. कारण काय असेल? इंजिन बिघडलं असेल. डिझेल संपलं असेल. ड्रायव्हर आला नसेल. कंडक्टरने घंटी दिली नसेल. किंवा चाकाखाली दगड लावलाय आणि तो कोणी काढलेला नाही. लांबून बघणाऱ्याला पाचही वेळी एकच गोष्ट दिसते, गाडी उभी. "हा माणूस आला नाही की गाडी निघत नाही" एवढं कळलं म्हणून तो माणूस ड्रायव्हरच असेल असं म्हणता येत नाही.

आजची गोष्ट अशाच एका प्रथिनाची आहे. त्याचं नाव सीडीसी७. त्याच्याशिवाय यीस्ट डीएनएची प्रत काढू शकत नाही हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. त्याचं अत्यावश्यक काम नेमकं कोणतं हे स्पष्ट व्हायला २०१० साल उजाडलं. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत लोकांनी एकेक शक्यता कशी बाद केली, ते आपण क्रमाने बघू. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असावा असं मला वाटतं, कारण त्यात महागडी यंत्रं कमी आहेत आणि विचार जास्त.

आधी आपल्या भागातलं यीस्ट

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव तुम्हाला टोमॅटोच्या बाजारामुळे आणि द्राक्षांमुळे माहीत आहे. खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, तिथून जवळच. याच नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्राने फेसाळणारी वाइन बनवायला सुरुवात केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही गेली.

या वाइनमधला फेस बाहेरून भरलेला नसतो. एकदा आंबवून तयार झालेली वाइन बाटलीत भरतात, त्यात थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण सुरू होतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. यीस्टच्या पेशी काही वेळा विभागतात आणि साखर संपली की थांबतात.

आपला प्रश्न इथेच सुरू होतो. ही पेशी कधी विभागायचं आणि कधी थांबायचं हे कशी ठरवते? साखर भरपूर असेल आणि तापमान ३० अंशांच्या आसपास असेल, तर यीस्टची पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते. म्हणजे २४ तासांत १६ वेळा. एका पेशीच्या ६५,५३६ पेशी. आणि प्रत्येक वेळी सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा डीएनए एकदा आणि एकदाच लिहून काढायचा. अर्धा राहिला तरी पेशी मरू शकते, एखादा भाग दोनदा लिहिला गेला तरी गोंधळ.

वाइनचं यीस्ट, पावाचं यीस्ट आणि माझ्या लॅबमधल्या फ्लास्कमधलं यीस्ट ही एकाच प्रजातीची भावंडं आहेत, *सॅकरोमायसिस सेरेव्हिसी*. १९९६मध्ये ज्या यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला, त्या वाणाचा बराचसा वारसा १९३८मध्ये कॅलिफोर्नियात मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टकडे जातो. सासवडकडची अंजिरं खाताना हे आठवायला हरकत नाही. एवढी साधी गोष्ट जगभरच्या प्रयोगशाळांचं मुख्य जनावर झाली, कारण ती वाढते पटकन, खाते स्वस्त आणि तिच्यात जनुकांचे प्रयोग सोपे जातात.

१९७० : कळी बघून वेळ सांगणारे लोक

दहावीच्या पुस्तकात तुम्ही मुकुलायन शिकलात. मातृपेशीला छोटी कळी फुटते, ती मोठी होते आणि शेवटी वेगळी होते. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ली हार्टवेल यांनी याच कळीचा घड्याळासारखा वापर केला. कळी नाही, म्हणजे पेशीने अजून सुरुवात केलेली नाही. बारीक कळी, म्हणजे डीएनएची प्रत काढणं नुकतंच सुरू झालंय. मोठी कळी, म्हणजे काम शेवटाकडे आलंय. रसायन नको, रंग नको, फक्त सूक्ष्मदर्शक.

पण एक अडचण होती. विभाजनाला जे जनुक अत्यावश्यक आहे ते बिघडवलं तर पेशी मरणार, आणि मेलेल्या पेशींचा अभ्यास कसा करायचा? यावरचा उपाय म्हणजे तापमान-संवेदी म्यूटंट. यात प्रथिन थोडंसंच बिघडलेलं असतं. २३ अंशांना ते चालतं, ३६-३७ अंशांना बंद पडतं. पेशी २३ला वाढवायच्या आणि प्रयोगाच्या वेळी ३७ला टाकायच्या. आमच्याकडे आजही दोन इन्क्युबेटर शेजारी-शेजारी असतात, एक २३चा आणि एक ३७चा. अर्धा प्रयोग म्हणजे एकातून काढून दुसऱ्यात ठेवणं.

हार्टवेल यांच्याकडे असे शेकडो म्यूटंट होते. त्यातले विभाजनाचे कोणते? युक्ती अशी. साध्या फ्लास्कमध्ये पेशी सगळ्या टप्प्यांवर विखुरलेल्या असतात. ३७ अंशांना नेल्यावर श्वसनाचं किंवा प्रथिननिर्मितीचं जनुक बंद पडलं, तर पेशी जिथे असतील तिथे थांबतात आणि चित्र विखुरलेलंच राहतं. पण विभाजनातल्या एखाद्या ठरावीक टप्प्याचं जनुक बंद पडलं, तर प्रत्येक पेशी चालत चालत त्या टप्प्यापर्यंत येते आणि तिथे अडकते. काही तासांनी सगळ्या पेशी एकसारख्या दिसतात. हे हेरण्यासाठी त्याच पेशींचे आधीचे आणि नंतरचे फोटो लागत. ते काम ब्रायन रीड या पदवीच्या विद्यार्थ्याने केलं. १९७०च्या पहिल्या शोधनिबंधावर हार्टवेल आणि कुलोटी यांच्याबरोबर त्याचंही नाव आहे.

१९७३पर्यंत असे १४८ म्यूटंट गोळा झाले. त्यांच्या आपसांत जोड्या लावून बघितल्यावर ते ३२ जनुकांत बसले. 'सेल डिव्हिजन सायकल' या शब्दांवरून नाव पडलं सीडीसी आणि पुढे क्रमांक. सात नंबरचं आपलं. क्रमांकाचा कामाच्या क्रमाशी काही संबंध नाही, एवढं लक्षात ठेवा. २००१मध्ये हार्टवेल यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर नोबेल मिळालं. योगायोग बघा, महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरणही त्याच वर्षीचं.

डिझेल संपलं की दगड लावलाय?

सीडीसी७चा म्यूटंट ३७ अंशांना मोठी कळी घेऊन थांबतो. आकार व्यायामाच्या डंबेलसारखा, दोन गोळे आणि मधे मान. पण सीडीसी८चा म्यूटंटसुद्धा असाच दिसतो! नुसता आकार बघून दोघांत फरक करता येत नाही.

फरक कळला डीएनए मोजल्यावर. डीएनएची प्रत काढणं अर्ध्यावर असताना सीडीसी८च्या पेशी ३७ला नेल्या, तर काम तिथेच थांबतं. सीडीसी७च्या पेशी त्याच अवस्थेत नेल्या, तर सुरू झालेलं काम पुरं होतं. फक्त पुढच्या फेरीत सुरुवात होत नाही. म्हणजे सीडीसी८ संपूर्ण प्रवासभर लागतं आणि सीडीसी७ फक्त निघताना. पुढे कळलं की सीडीसी८ डीएनएचा कच्चा माल बनवणारं विकर आहे. आपल्या भाषेत, डिझेल. घाटाच्या मध्यावर डिझेल संपलं तर गाडी तिथेच उभी राहणार. पण एकदा निघालेल्या गाडीला स्टँडवरच्या माणसाची गरज नसते.

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. १९७४मध्ये लिना हिअरफोर्ड आणि हार्टवेल यांनी तो प्रसिद्ध केला. सीडीसी७च्या पेशी ३७ला अडकवल्या. मग सायक्लोहेक्सिमाइड घातलं, म्हणजे पेशीत नवीन प्रथिन बनणं बंद. आणि मग तापमान खाली आणलं. काय होईल? पुढे वाचण्याआधी तुमचा अंदाज कागदावर लिहा.

पेशींनी डीएनएची प्रत काढली. याचा अर्थ नीट समजून घ्या. गॅरेजमधून एकही नवा भाग आला नाही तरी गाडी निघाली आणि पोहोचली. म्हणजे प्रत काढायला लागणारी सगळी प्रथिनं आधीच तयार होती. सगळं जमून आलेलं होतं आणि फक्त सीडीसी७चं काम व्हायचं बाकी होतं. याच शोधनिबंधात क्रमही लागला, आधी सीडीसी२८, मग सीडीसी४, मग सीडीसी७ आणि त्यानंतर डीएनए.

जनुकाचा क्रम माहीत नाही, प्रथिन कोणी डोळ्यांनी बघितलेलं नाही, आणि तरी एवढं कळलं. यासाठी लागलं काय? दोन तापमानं, एक औषध आणि नेमका प्रश्न.

कामगार ओळखला, काम कळेना

१९८२मध्ये लंडनमधल्या जॉन्स्टन आणि थॉमस यांनी डंबेलसारखे अडकणारे आणखी काही म्यूटंट शोधले. डंबेलवरूनच त्यांना डीबीएफ म्हटलं. त्यातल्या चौथ्याचं, डीबीएफ४चं, नाव लक्षात ठेवा.

१९८६मध्ये सीडीसी७च्या जनुकाचा क्रम वाचला गेला आणि तो कायनेज कुळातला निघाला. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका लावणारं विकर. ठिपका लागला की त्या प्रथिनाची वागणूक बदलते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेही दिसलं की सीडीसी७ एकटं निष्क्रिय असतं आणि डीबीएफ४ येऊन चिकटलं तरच काम करतं. सीडीसी७ पेशीत सदासर्वदा असतं. डीबीएफ४ मात्र प्रत काढायची वेळ आली की वाढतं आणि विभाजनात नष्ट केलं जातं. स्टँडवर माणूस कायम बसलेला आहे, पण चिठ्ठी येईपर्यंत तो हात लावत नाही. १९९४मध्ये डीबीएफ४ थेट डीएनएच्या त्या जागांपाशी सापडलं, जिथून प्रत काढायला सुरुवात होते.

आता प्रश्न धारदार झाला. ठिपका लावायचा, पण कोणावर?

दुसऱ्या वाटेने आलेली माणसं

उत्तराचा अर्धा भाग वेगळ्याच प्रश्नातून आला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बिक ट्याय यांच्या लॅबमध्ये ग्रेगरी मेन आणि प्रतिमा सिन्हा असे यीस्ट शोधत होते, जे आपल्यातला एक छोटा, कृत्रिम, गोल डीएनए वारंवार हरवतात. या गोल डीएनएला म्हणतात मिनिक्रोमोसोम. जो तो सांभाळू शकत नाही, त्याची प्रत काढायची यंत्रणा कुठेतरी ढिली असणार, असा विचार. १९८४मध्ये हे म्यूटंट प्रसिद्ध झाले आणि मिनिक्रोमोसोमवरून त्यांना एमसीएम नाव मिळालं. प्रतिमा सिन्हा पुढे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करत राहिल्या.

आज आपल्याला माहीत आहे की एमसीएम२ ते एमसीएम७ ही सहा प्रथिनं मिळून एक कडं बनतं. ते डीएनएभोवती बसतं आणि डीएनएच्या दोन धाग्यांना उलगडणाऱ्या हेलिकेजचा तोच गाभा. म्हणजे आपल्या एसटीचं इंजिन.

आणि सीडीसी७शी याची गाठ कशी पडली? रॉबर्ट स्क्लाफनी यांच्या गटाने उलटा प्रश्न विचारला. सीडीसी७ नसताना पेशी मरते, हे ठीक. पण सीडीसी७ नसतानाही जगणारी पेशी सापडेल का? सापडली. त्या म्यूटेशनला त्यांनी बॉब१ म्हटलं. १९९७मध्ये कळलं की बॉब१ म्हणजे एमसीएम५मधला एका अमिनो आम्लाचा बदल. इंजिनातला एक भाग किंचित बदलला आणि स्टँडवरचा माणूस नसतानाही गाडी निघाली! त्याच वर्षी ट्याय यांच्या गटाने एमसीएम२ हे सीडीसी७-डीबीएफ४चं लक्ष्य असल्याचं दाखवलं. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

२०१० : दगड सापडला

आता दोन शक्यता उरल्या. एक, सीडीसी७ ठिपका लावून इंजिनाला काहीतरी नवं सामर्थ्य देतं. दोन, इंजिन मुळात तयारच असतं, त्याला कशाने तरी अडवलेलं असतं आणि सीडीसी७ तो अडथळा दूर करतं.

न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत यी-जुन शू आणि ब्रूस स्टिलमन यांनी एमसीएम४कडे बघितलं. या प्रथिनाच्या सुरुवातीला सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांनी भरलेला एक पट्टा आहे. फॉस्फेटचे ठिपके लागतात ते याच दोन अमिनो आम्लांवर. साधा विचार केला तर हा पट्टा कापला की पेशीचं नुकसान व्हायला हवं, कारण ठिपके लावायची जागाच गेली. झालं उलट. पट्टा कापलेल्या पेशींना सीडीसी७ची अत्यावश्यक गरजच उरली नाही. तो पट्टाच चाकाखालचा दगड होता. ठिपके लागले की त्याची अडवणूक संपते. सीडीसी७चं अत्यावश्यक काम एवढंच.

पुढे २०१५मध्ये लंडनमध्ये जॉन डिफ्ली यांच्या गटाने शुद्ध केलेली प्रथिनं परीक्षानळीत एकत्र करून डीएनएची प्रत काढायची सुरुवात घडवून आणली. त्या मोजक्या प्रथिनांच्या यादीत सीडीसी७-डीबीएफ४ आहेच, कारण नळीतल्या एमसीएम४वरही तो दगड असतोच.

पेशीने स्वतःच्या चाकाखाली दगड का लावावा?

कारण इंजिन बसवणं आणि इंजिन सुरू करणं या दोन वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. विभाजन झाल्यावर पेशी आपल्या डीएनएवर शेकडो ठिकाणी एमसीएमची कडी बसवून ठेवते. ती बसताक्षणी सुरू झाली, तर उलगडलेल्या जागी पुन्हा नवं कडं बसेल, तेही सुरू होईल आणि एकाच भागाच्या दोन-तीन प्रती निघतील. म्हणून आधी सगळीकडे बसवून घ्यायचं, मग बसवणं बंद करायचं आणि त्यानंतरच दगड काढायचे. डीएनएला इजा झाली असेल तर राड५३ नावाचं प्रथिन डीबीएफ४ला रोखून धरतं आणि अजून न निघालेल्या गाड्या स्टँडवरच राहतात.

माणसाच्या पेशीतही सीडीसी७ आहे. कॅन्सरच्या पेशी सतत विभागतात, म्हणून मानवी सीडीसी७ला रोखणारे काही रेणू औषध म्हणून रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले आहेत. या सगळ्याचं मूळ यीस्टच्या कळीचे फोटो काढण्यात आहे.

तुमच्या कामाचं काय?

तुम्ही मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या कॉलेजात एमएस्सी करत असाल आणि पेट किंवा नेटच्या तयारीत असाल, तर या इतिहासातून चार गोष्टी उचला.

पहिली. सिनॉप्सिसमध्ये "अमुक जनुकाची तमुक प्रक्रियेतली भूमिका" असा विषय लिहू नका. "भूमिका" हा शब्द पाचही शक्यता पोटात घेऊन बसतो. त्याऐवजी कोणत्या दोन शक्यतांपैकी एक तुम्हाला बाद करायची आहे ते लिहा. हिअरफोर्ड आणि हार्टवेल यांचा प्रश्न होता, सीडीसी७च्या आधी सगळी प्रथिनं तयार असतात की नाही? हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं उपयोगाची होती.

दुसरी. "हे नसेल तर मरतं" यावर थांबू नका. "हे नसतानाही जगेल असं काय करता येईल?" हा प्रश्न विचारा. सीडीसी७चं कोडं या उलट्या प्रश्नाने सुटलं.

तिसरी. नावांना फसू नका. पॉल नर्स ज्या यीस्टवर काम करत ते *शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे*. त्यातही सीडीसी७ नावाचं जनुक आहे, पण ते पूर्णपणे वेगळं आहे आणि पेशी मधोमध दुभागण्याशी संबंधित आहे. आपल्या सीडीसी७चं पॉम्बेमधलं भावंड एचएसके१ नावाने ओळखलं जातं. शोधनिबंध वाचताना आधी यीस्ट कोणतं ते बघा. मुलाखतीत हा प्रश्न येऊ शकतो.

चौथी. साधनं नाहीत म्हणून सराव थांबवू नका. सूक्ष्मदर्शक तुमच्या कॉलेजात आहे, यीस्ट किराणा दुकानात मिळतं आणि नोंद असलेले वाण हवे असतील तर पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, एनसीआयएम, आहे. साखरेच्या पाण्यात यीस्ट वाढवा आणि दर अर्ध्या तासाला थेंब काढून २०० पेशी मोजा. किती बिनकळीच्या, किती बारीक कळीच्या, किती मोठ्या कळीच्या, तीन रकाने. साखर संपत आल्यावर कोणता रकाना वाढतो ते बघा आणि असं का होत असेल याच्या दोन शक्यता लिहा. मग त्यातली एक बाद करणारा प्रयोग कागदावर मांडा आणि मित्राला किंवा मैत्रिणीला त्यात खोट काढायला सांगा.

पुढच्या लेखात, १४८ म्यूटंट ३२ जनुकांचे आहेत हे जोड्या लावून कसं ठरवतात ते आकडेमोडीसकट बघू. तोवर वही घेऊन बसा.